गुरू व्हावयास आले, शिष्य होऊन राहिले

आज आषाढी पौर्णिमा. भगवान व्यासांच्या पूजनाचा हा दिवस. घरोघरी आज देव्हाऱ्याशेजारी पोथी मांडली जाईल, तिच्यावर तुळशीपत्र ठेवले जाईल, आणि ज्यांनी ज्यांनी चार अक्षरे शिकविली त्यांचे स्मरण होईल. अशा मंगल दिवशी आम्हांस आमच्या माथ्यावरचे एक लहानसे ऋण फेडावयाचे आहे.

गेल्या चैत्रात एका गावी रामनवमीचे कीर्तन आटोपून आम्ही उपरण्याने घाम पुसत बसलो होतो. आरतीचे तबक फिरून गेले होते. तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ जवळ आले, वाकून नमस्कार करून म्हणाले, "बुवा, मुलगा परदेशी निघालाय. सूनबाई आणि कडेवरचं मूलही बरोबर आहे. परक्या मुलखात त्यांचा निभाव कसा लागावा? दोन शब्द सांगा, त्याला कळवीन." आम्ही तुळशीमाळेला हात लावून आशीर्वाद दिला. देव पाठीशी आहे, असे म्हणालो. ते समाधानाने गेले. आमचे मात्र समाधान झाले नाही. आशीर्वाद दिला होता, उत्तर दिले नव्हते. आज ते उत्तर द्यावयाचे योजिले आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. पृथ्वी, वायू, समुद्र, मधमाशी, कोळी, बाण करणारा कारागीर, काकणे उतरवून कांडण करणारी कुमारिका. यांतील एकानेही अवधूताला शिष्य म्हणून पत्करले नव्हते. त्यानेच त्यांना गुरू मानले. आमचे उत्तर याच निरूपणाच्या आधारे आहे. परंतु दृष्टान्त पुराणांतला नाही, आपल्या धर्मातलाही नाही. आपला धर्म शिकविण्याच्या निश्चयाने सातासमुद्रापलीकडून या देशात आलेल्या एका ख्रिस्ती पाद्र्याच्या संसाराचा तो आहे. वाचकांनी भुवया उंचावू नयेत. जेथे बोध मिळेल तेथून तो घ्यावा, हीच आजच्या दिवसाची शिकवण आहे.

आमच्या आख्यानाचा नायक विल्यम केरी. जन्म १७६१ साली इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या एका खेड्यात. धंदा चांभाराचा. जोडे शिवता शिवता या माणसाने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केली. पुढे तो बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. १७९२ च्या ऑक्टोबरात त्याच्या खटपटीने परदेशी धर्मप्रचारासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि पहिला जाणारा म्हणून तो स्वतःच उभा राहिला. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. त्याने तो कधी लपविला नाही. आम्हीही लपविणार नाही. तो हेतू आमचा नव्हे. परंतु हेतू घेऊन निघालेला माणूस वाटेत काय काय होऊन गेला, ते पाहण्यासारखे आहे.

त्याची पत्नी डोरोथी. १७८१ साली दोघांचा विवाह झाला तेव्हा विवाहाच्या नोंदवहीत तिने नावाऐवजी फुली मारली; लिहिणे तिला येत नव्हते. आपल्या मुलखाबाहेरचे जग तिने पाहिले नव्हते, आणि पाहण्याची हौसही तिला नव्हती. पतीने हिंदुस्थानचे नाव काढले तेव्हा तिने साफ नकार दिला. ती गर्भवती होती. केरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन जहाजावर चढला देखील. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्या जहाजावरून त्यांना उतरावे लागले. या खोळंब्यात तो पुन्हा घरी आला. तोवर तान्हे मूल जन्मले होते. पुष्कळ मनधरणी झाली. शेवटी धाकटी बहीण सोबत येणार असेल तर मी येते, अशा अटीवर डोरोथी तयार झाली. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून चार मुलांसह हे कुटुंब निघाले आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचले. पाच महिने समुद्रावर!

या पाच महिन्यांत पतीपत्नींच्या वाटा निराळ्या झाल्या, असे आम्हांस वाटते. एका जहाजात, एका छपराखाली असूनही निराळ्या. केरीबरोबर जॉन थॉमस नावाचा डॉक्टर होता. तो पूर्वी बंगालात राहून गेला होता. त्याच्याकडून केरी जहाजावरच बंगाली शिकू लागला. किनारा दृष्टीस पडण्यापूर्वीच त्याला पहिला गुरू लाभला. डोरोथीच्या हाती मात्र तान्हे मूल आणि मागे राहिलेल्या गावाची आठवण एवढेच होते.

कलकत्त्यास उतरताच केरीला दुसरा गुरू भेटला: मुनशी रामराम बसू. फारसी आणि बंगाली जाणणारा हा विद्वान कायस्थ थॉमसच्या पूर्वपरिचयाचा होता. केरीने त्याला आपल्या पदरी ठेवले. व्यवहारात केरी मालक आणि मुनशी नोकर. बैठकीवर मात्र मुनशी गुरू आणि केरी शिष्य. रामराम बसूने ख्रिस्ताची स्तुती करणारी बंगाली पदे रचली, पण तो ख्रिस्ती झाला नाही. पुढे आचरणातील दोषामुळे १७९६ साली केरीने त्याला दूर केले. तरीही काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले, आणि १८०१ साली रामराम बसूचे 'राजा प्रतापादित्य चरित्र' केरीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. गुरूचा दोष दिसला म्हणून त्याची विद्या टाकून द्यावयाची नसते, हे या परदेशी शिष्याने बरोबर ओळखले होते.

आता संसाराकडे पाहू. आणलेला पैसा कलकत्त्यात थोड्याच दिवसांत संपला. १७९४ च्या आरंभी हे कुटुंब सुंदरबनाच्या कडेला देभाट्यास गेले. वाघांच्या भीतीने ओसाड पडलेला तो मुलूख. कंपनीच्या मिठाच्या खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला. केरीने आपल्या रोजनिशीत एक लहानशी गोष्ट टिपून ठेवली आहे: पत्नी आणि मेहुणी आपणांस बोल लावतात, कारण येथे पाव मिळत नाही. वाचताना प्रथम हसू येते. मग वाटते, या बोलात पावाचा भाग किती असेल? सासरी नव्याने आलेली मुलगी "इथलं पाणी मला बाधतं" असे म्हणते, तेव्हा ती केवळ पाण्याविषयी बोलत नसते, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका जाणतात. केरीला ते त्या वेळी जाणवले की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच वर्षी केरीला मालद्याकडच्या मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची जागा मिळाली. बहिणीने त्या मिठाच्या अधिकाऱ्याशी विवाह ठरविला आणि ती मागेच राहिली. ज्या एका सोबतीच्या भरवशावर डोरोथी घराबाहेर पडली होती, ती सोबतही सुटली. मुदनाबाटीस आमांशाने आणि तापाने घर पोखरले. ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर गेला. परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या मृत बालकाला शिवावयास गावचे कोणी धजेना. पदरी सुतार असून शवपेटी करावयास कोणी तयार होईना. अखेर चार मुसलमान खड्डा खणावयास पुढे आले, तर गावाने त्यांनाच वाळीत टाकले. आमच्या देशाच्या आतिथ्याच्या कथा आम्ही कीर्तनातून नित्य गातो. ही कथाही त्याच देशातली आहे. ती सांगताना आमची मान खाली जाते.

या घावातून डोरोथी सावरली नाही. १७९५ पासून तिच्या बुद्धीला भ्रम झाला. पती आपणांस फसवितो, असा संशय तिच्या मनात घर करून बसला. ती त्याच्या अंगावर धावून जाई, रस्त्यात गाठून ओरडे. पुढे तिला खोलीत कोंडून ठेवण्याची वेळ आली. सुमारे बारा वर्षे ही व्यथा भोगून ८ डिसेंबर १८०७ रोजी तिने देह ठेवला. त्या वर्षांत शेजारच्या खोलीत केरी पंडितांना घेऊन ग्रंथांच्या भाषांतरात गढलेला असे, आणि भिंतीपलीकडून तिचा आक्रोश ऐकू येई. केरीने तिला कधी टाकले नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्याचा सल्लाही त्याने मानला नाही. एवढे मात्र त्याच्या पदरी घातलेच पाहिजे.

परंतु एक प्रश्न उरतोच. एकाच घरातली दोन माणसे, एकच हवा, एकच दुःख, एकाच मुलाचा मृत्यू. एक तगला आणि दुसरी खचली, हे कशाने? मनाच्या व्याधीची कारणे वैद्यांनी सांगावी. आम्ही ती सांगण्याचे धाडस करणार नाही. पण जे डोळ्यांस दिसते ते सांगतो. केरीजवळ रोज सकाळी कोणीतरी शिकविणारे होते. नवा शब्द होता, नवे कोडे होते, काल न समजलेले आज समजल्याचा आनंद होता. या भूमीशी त्याचे देणेघेणे सुरू झाले होते. डोरोथीला ही भूमी केवळ घेणारी होती. तिने गाव घेतले, बहीण घेतली, मूल घेतले. दिले काहीच नाही.

आता त्या शिष्याची साधना पाहू. आरंभीची काही वर्षे केरी बंगालीतून उपदेश करी, आणि आपले म्हणणे लोकांस कळते असे समजे. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की ब्राह्मणांची बोली निराळी आणि नांगरामागच्या कुळंब्याची निराळी. शेतकरी माना डोलावीत. समजत मात्र फारसे नसे. दुसरा असता तर लोकांना अडाणी म्हणून मोकळा झाला असता. केरीने आपलेच अज्ञान ओळखले. १८०१ साली त्याने 'कथोपकथन' नावाचे पुस्तक काढले. त्यात मजुरांचे, कोळ्यांचे, भिकाऱ्यांचे, पाणवठ्यावर भांडणाऱ्या बायकांचे बोलणे जसेच्या तसे आहे. अवधूताच्या यादीत कोळी आणि कुमारिका का आहेत, हे या पुस्तकावरून आम्हांस नव्याने कळले. जो भांडणाऱ्या बाईकडूनही शिकावयास तयार आहे, त्याला गुरूची वाण कशी पडेल!

१८०० च्या जानेवारीत केरी श्रीरामपूरास गेला. हुगळीकाठचे हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते. कंपनी सरकार पाद्र्यांना आपल्या हद्दीत थारा देत नसे. तेथील डॅनिश गव्हर्नराने तो दिला. इंग्लंडातून नुकतेच आलेले जोशुआ मार्शमन, त्याची पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड या साऱ्यांनी मिळून एकत्र कुटुंब मांडले. सर्वांची मिळकत एका पेटीत, सर्वांचे जेवण एका पंक्तीत. हॅनाबाईंनी शाळा चालविली आणि केरीच्या मोकाट वाढलेल्या मुलांवर आईची नजर ठेवली. या कुटुंबाचा एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. दर शनिवारी सायंकाळी सर्वांनी एकत्र बसावे, आठवडाभरातले रुसवेफुगवे आणि तक्रारी तेथेच बोलून टाकाव्या, आणि परस्परांवर प्रेम करण्याचे वचन पुन्हा द्यावे. परक्या मुलखात माणसाला पहिला शत्रू बाहेर भेटत नाही, तो घरातल्या अबोल्यात असतो, हे या मंडळींनी अनुभवाने जाणले होते. हा नियम देभाट्याच्या झोपडीत असता तर? असो.

सात वर्षांच्या खटपटीनंतर, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल नावाच्या सुताराला केरीने गंगेच्या पात्रात बाप्तिस्मा दिला. त्याच वेळी घरी डोरोथी खोलीत आक्रोश करीत होती, आणि आनंदातिरेकाने मन बिघडलेल्या डॉक्टर थॉमसलाही कोंडून ठेवावे लागले होते. ज्या दिवसासाठी सर्वस्व सोडले तो दिवस उगवला, तेव्हा तो असा उगवला.

पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीची बंगाली आणि संस्कृत शिकविण्यासाठी नेमणूक झाली. दरमहा ५०० रुपये वेतन मिळे. ते कुटुंबाच्या सामायिक पेटीत जाई. तेथे त्याला सर्वांत मोठे गुरू भेटले: पंडित मृत्युंजय विद्यालंकार. केरी कॉलेजातला शिक्षक आणि मृत्युंजय त्याच्या हाताखालचे पंडित. तरी हा शिक्षक त्या पंडितापुढे नित्य दोनतीन तास विद्यार्थी होऊन बसे. संस्कृत व्याकरण ज्याने जन्मभर घोकले आहे, त्याला या बैठकीचे मोल सांगावयास नको. तिशी उलटलेल्या माणसाने, ज्याच्या मातृभाषेत विभक्तिप्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत त्याने, शब्दरूपांपासून आरंभ करावा, आणि १८०६ साली संस्कृतचे जाडजूड व्याकरण छापून काढावे, ही तपश्चर्याच होय. मार्शमनच्या साह्याने त्याने वाल्मीकिरामायणाचे मूळ आणि भाषांतर तीन खंडांत छापले. आला होता बायबल देण्यासाठी. देता देता रामायण घेऊन बसला!

आता आपल्या घरची गोष्ट. त्याच कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ होते. त्यांच्या साह्याने केरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध केले आणि प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले. १८१० साली मराठीचा कोश निघाला. त्यासाठी मोडी अक्षरांचे खिळे पाडले होते. वैजनाथ पंडितांच्या हातची 'सिंहासन बत्तिशी' पुढे याच छापखान्यात मोडीत छापली गेली. पुण्यात पेशवाई नांदत होती, आणि आपल्या भाषेचे व्याकरण व कोश गंगेच्या काठी, डेन्मार्कच्या ध्वजाखाली, एका इंग्रज चांभाराच्या आणि एका मराठी पंडिताच्या बैठकीतून छापून निघत होते. वैजनाथ पंडितांचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? शिष्याचे नाव जगभर झाले. गुरूचे नाव आज तरी उच्चारू या.

११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळून गेली. त्यांत केरीने जुळवीत आणलेला अनेक भाषांचा कोशही होता. लवकरच पंडितांना बोलावून त्याने पुन्हा आरंभ केला. ज्याचे ज्ञान केवळ कागदावर असते, तो आगीत संपतो. ज्याचे गुरुमुखातून आलेले असते, त्याला पुन्हा लिहिता येते.

या माणसाला मायदेशाची आठवण येत नव्हती असे मात्र नाही. श्रीरामपूरच्या बागेत त्याने देशोदेशींची झाडे लावली होती. एकदा इंग्लंडातून बियाण्यांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर पिशवीतली माती त्याने बागेत एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे एक रोप उगवले. इंग्लंडात पायदळी तुडविले जाणारे ते फूल पाहून त्याला झालेला आनंद त्याने पत्रातून कळविला आहे. पुढे दरवर्षी बी धरून ते फूल त्याने जपले. एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी परतला नाही. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्याचा अंत झाला. नवी भूमी आपली म्हणावयाची तर जुनी विसरावी लागते, असे काही नाही. बागेत एक कोपरा तिच्यासाठी राखावा, उरलेल्या बागेत येथली झाडे वाढवावी.

या परंपरेतले आणखी एक नाव घेतल्यावाचून कीर्तनकाराच्या जिभेला चैन पडणार नाही. ते जस्टिन ॲबट यांचे. अमेरिकन मराठी मिशनचे हे पाद्री कित्येक वर्षे मुंबईस राहिले आणि निवृत्त होऊन स्वदेशी परतले. तेथे उतारवयात त्यांनी काय करावे? आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले! ताहराबादकर महिपतीबुवांचा 'भक्तिविजय', ज्याच्यावाचून आम्हां कीर्तनकारांचे पान हलत नाही, तो पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने त्यांनी इंग्रजीत उतरविला. १९३२ साली ॲबट वारले. ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. येथेही शेजारी एक पंडित आहेच. उपदेश करावयास आलेला माणूस जाताना आपल्या संतांची चरित्रे घेऊन गेला.

तर, त्या गृहस्थांस आमचे उत्तर असे. आपल्या चिरंजीवांस कळवावे की, परमुलखात उतरताच घर शोधाल, दुकान शोधाल, तसा एक गुरू शोधा. तो शेजारचा म्हातारा असेल, भाजी विकणारी बाई असेल, आपल्याहून वयाने लहान सहकारी असेल. त्याच्याकडून त्या भूमीची भाषा शिका, ऋतू शिका, सुखदुःखाचे रिवाज शिका. आपल्याला पुष्कळ येते, हे प्रथम विसरा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, घरात गुरू एकट्याला मिळून भागत नाही. तुम्ही सकाळी कामावर जाल. तेथे तुम्हांस शिकविणारी दहा माणसे भेटतील. सूनबाई तान्ह्या मुलासह चार भिंतींत राहतील. त्यांचाही कोणी गुरू असावा, त्यांचीही कोणी मैत्रीण असावी, याची चिंता पहिल्या महिन्यातच करा. दर शनिवारी सायंकाळी दोघे समोरासमोर बसा, आणि "इथे करमतं का?" असे त्यांना विचारा. त्या पावाविषयी बोलू लागल्या तर पावाविषयी नव्हे हे समजा, आणि सगळे ऐकून घ्या.

आज व्यासपूजेच्या वेळी आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या गुरूंच्या पादुकांवर फूल वाहू. दुसरे फूल वैजनाथ पंडितांच्या नावाने वाहू. आणि एक फूल, पूजेच्या विधीत त्याला स्थान असो वा नसो, गंगेकाठी परक्या मातीत विसावलेल्या त्या माउलीसाठी बाजूला ठेवू, जिला या आमच्या देशात काही शिकविणारे कोणी भेटले नाही.